अडीच फूट खाली आलेलं घड्याळ

सासरे अंबरपेठेचं घर सोडून तारनाक्याला आमच्याकडे राहायला आले, ते दोन बॅगा आणि लंबकाचं एक घड्याळ घेऊन. मुलीच्या घरी बसून खाणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "जावईबापू, याला दर रविवारी चावी मी देणार. हे काम माझं."

स्टुलावर चढून ते मोठ्याने फेरे मोजत. चौदा झाले की काटे मिळवून उतरत.

यंदाच्या उन्हाळ्यात घड्याळ मागे पडू लागलं. शनिवारी फोनशी ताडून पाहिलं तर नऊ मिनिटं मागे. लंबकाखालचा नट वर चढवला की घड्याळ जलद चालतं, एवढं मला माहीत होतं. अर्धा फेरा चढवला. पुढच्या शनिवारी सहा मिनिटं मागे. आणखी अर्धा चढवला.

"यात सेलचं मशीन बसवून टाका ना," बायको म्हणाली. "बाबांचं स्टुलावर चढणं तरी सुटेल."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "हौ, मशीन बसवा. मग मलाही बसवा कोपऱ्यात."

मी रोज वेळ ताडून पाहू लागलो. बुधवारपर्यंत घड्याळ थोडं पुढेच होतं. गुरुवारपासून मागे जाऊ लागलं. दोष नटाचा असता तर फरक रोज सारखा पडला असता. म्हणजे आठवडा संपताना स्प्रिंगचाच जोर कमी पडत होता.

रविवारी मी मुद्दाम समोर बसलो. सासरे स्टुलावर चढले. हात खांद्याच्या वर गेला, पण टिकेना. आठ-नऊ फेरे झाल्यावर त्यांनी तो खाली घेऊन दंड चोळला. मोजणं मनातल्या मनातच चाललं होतं. "झाली," म्हणाले.

हात दुखतो का, असं मोठ्याने विचारलं असतं तर बायकोने चावी त्याच दिवशी काढून घेतली असती. संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी अडीच फूट खाली भिंतीला भोक पाडलं, स्क्रू बसवला आणि टिकटिक दोन्ही बाजूंना सारखी येईपर्यंत घड्याळ सरळ केलं.

"खाली का आणलं?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"मामा, मला वरचे काटे नीट दिसत नव्हते."

"असं? चष्मा तर मागल्याच महिन्यात बदलला की तुम्ही!"

पुढच्या रविवारी त्यांनी जमिनीवर उभं राहून चावी दिली. आतल्या खोलीत ऐकू आलं, "बारा, तेरा, चौदा."

त्या शनिवारी घड्याळ सहा मिनिटं पुढे!

"जावईबापू, आता तर हे पळायला लागलं."

"ती माझी करामत, मामा." मी काच उघडून नट एक फेरा उतरवला. ते शेजारी उभे राहून बघत होते.

"नट तुमचा, चावी माझी," ते म्हणाले. "एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही."

घड्याळ आता शनिवारीही बरोबर असतं. स्टूल बायकोने बाल्कनीत नेलं. त्यावर कढीपत्त्याची कुंडी आहे.