दोष आढळला नाही

माझा मामा रेडिओ दुरुस्त करायचा, पण रेडिओ ऐकायचा नाही. ही गोष्ट सव्वीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही.

दवाखाना आणि लाँड्रीच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. दारावर कंपनीची निळी पाटी, 'अधिकृत दुरुस्ती केंद्र'. कुलूप उघडण्याआधी तो रोज पाटी पुसायचा. गल्लीत नुसतं 'कंपनीचा' म्हटलं की कुठल्या कंपनीचा, हे विचारावं लागत नसे. लोक लग्न परस्पर ठरवून मोकळे व्हायचे, पण रेडिओ घेताना मामाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. "कुठला घेऊ?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणायचा, "कंपनीचा घ्या. पडला तरी गातो." त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

त्या शब्दावर अर्ध्या गल्लीने कंपनीचा नवा, सायीच्या रंगाचा सेट घेतला. पाच-सहा महिन्यांनी एकेक जण पिशवीत सेट घालून परत येऊ लागला. तक्रार एकच, मधेच गप्प होतो. मामा सेट टेबलावर ठेवायचा, वायर जोडायचा, काटा फिरवायचा, पाठीवर एक टिचकी मारायचा. सेट स्वच्छ आवाजात बोलू लागायचा.

"वाजतो की!"

दहा मिनिटं झाली की सेट पुन्हा पिशवीत. मग मामा कंपनीचा फॉर्म पुढे ओढायचा आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायचा, 'दोष आढळला नाही.' खाली सही, शिक्का. एक प्रत कंपनीला.

निवृत्त पोस्टमन तीनदा आले. तिसऱ्यांदा मी दुकानातच होते.

"अहो, हा घरी मुका बसतो आणि इथे पोपटासारखा बोलतो. असं कसं?"

"घरी तुम्ही त्याला बोलू देत नसाल," मामा म्हणाला. दुकानातले दोघे-तिघे हसले, तसा तो आणखी खुलला. "नाहीतर एकदा कान दाखवून घ्या, पोस्टमन. दवाखाना शेजारीच आहे."

पोस्टमन हसले नाहीत. सेट टॉवेलात गुंडाळून ते निघून गेले.

तोच सेट आमच्याही घरी होता, मामाने आईला दिलेला. चार वर्षांत आईची नजर गेली होती. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, आता रेडिओ हेच तिचं घड्याळ होतं. पहिल्या बातम्या म्हणजे आंघोळ, गाणी म्हणजे पोळपाट, दोनच्या बातम्या म्हणजे रक्तदाबाची गोळी. मी दिवसभर बाहेर असायचे. रेडिओ मधेच बंद पडतो, असं ती दोनदा म्हणाली होती. मी मामाला सांगितलं होतं आणि मामाने मला 'वाजतो की' ऐकवून सेट परत दिला होता.

एका संध्याकाळी घरी आले तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. कपाळावर टेंगूळ. गोळी डबीत तशीच.

"दोन वाजलेच नाहीत गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः आला. तिच्या कपाळाकडे न बघता म्हणाला, "ताई, तुझा हात लागून बटण फिरत असेल."

"डोळे गेलेत रे माझे. बोटं नाही गेली." आईने समोरची खुर्ची चाचपून पुढे सरकवली. "बस इथे. लाव रेडिओ. आणि मी ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही."

पन्नाशीचा मामा लहान भावासारखा बसला. अर्ध्या तासात तो चुळबुळू लागला. तासाभराने त्याने मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलं. कुणी एक बाई आपल्या बागेविषयी बोलत होती. पुढे काय म्हणते, ते मामा मान थोडी कलती करून ऐकत होता. तसं ऐकताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पावणेदोनला त्या बाईचा शब्द अर्ध्यावर तुटला आणि खोलीत कपाट, खाटा, भिंती सगळं एकदम स्तब्ध झालं.

मामाचा हात टिचकी मारायला वर गेला. खुर्ची करकरली.

"मारू नकोस," आई म्हणाली. "हा असा बसतो. मग मीही बसते."

त्याने सेटच्या पाठीवर तळवा ठेवला. पाठ तापली होती. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने त्याने मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. सगळ्यात जास्त तापणाऱ्या भागाखालचा सोल्डरचा सांधा कच्चा राहिला होता. थंड असताना सांधा जुळलेला. दोन तास तापला की केसभर सुटायचा. पिशवीतून दुकानात येईपर्यंत सेट निवायचा, सांधा पुन्हा जुळायचा. दहा मिनिटांत तो वाजणारच होता.

"ताई, मी एकही सेट दहा मिनिटांवर ऐकला नाही."

आईने विचारलं, "दोन वाजले का?"

मामाने कंपनीला आकृती काढून दोन पानी पत्र धाडलं. पंधरवड्याने एक अधिकारी आला. नम्र होता, चहा नको म्हणाला. त्याने फाइल उघडून टेबलावर एक्केचाळीस सेटचे फॉर्म ठेवले.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"सही?"

"माझीच."

"मग आम्ही कोणाचं खरं मानायचं? तुमचं, की तुमचं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. अधिकाऱ्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की पत्र मागे घेतलं तर विषय इथेच संपेल. फॉर्म चुकले असं लेखी दिलं, तर ज्याची तपासणी चुकते असं केंद्र कंपनीला ठेवता येणार नाही.

मामा दोन दिवस जेवायलासुद्धा घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पत्र लिहिलं, एकाच ओळीचं. पाकीट बंद करण्याआधी मला वाचायला दिलं.

'एक्केचाळीस सेटमध्ये दोष होता, मला आढळला नाही.'

महिन्याभरात पाटी उतरवली गेली. तिच्या जागी भिंतीवर जरा उजळ चौकोन राहिला. सेटविषयी कंपनीने काहीच कळवलं नाही.

मग मामा फॉर्मच्या प्रती घेऊन घरोघर फिरू लागला. सेट आणायचा, सांधा पक्का करायचा, तीन-तीन तास वाजवत ठेवायचा आणि समोर बसून ऐकायचा. दुकानात येणाऱ्याला हाताने 'थांबा' अशी खूण करायचा. काहींनी सेट निमूट दिला. लाँड्रीवाल्याने चारचौघांत झाडलं, "तुझ्या जिभेवर विश्वास ठेवला रे, रेडिओवर नाही!" मामाने मान खाली घालून त्याचा सेट उचलला.

पोस्टमनकडे जायचं तो टाळत होता. शेवटी मला बरोबर घेऊन गेला. दुसरा मजला. दार अर्धंच उघडलं.

"तुमचा सेट न्यायला आलोय," मामा म्हणाला. "दोष सापडला. माझं चुकलं."

"तो भंगारात दिला." पोस्टमन दाराची कडी धरून उभे होते. "तुम्ही म्हणालात म्हणून कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. मग वाटलं, डोक्यातच काही बिघडलं असेल. हिलाही तसंच वाटायला लागलं होतं."

आतून रेडिओचा आवाज येत होता. सवयीने मामा विचारून बसला, "नवा... वाजतो ना?"

"वाजतो की," पोस्टमन म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी जिना उतरून खाली आले, वर पाहिलं. मामा अजून तिथेच उभा होता, बंद दाराकडे कान देऊन.