वीज पडल्याची फिर्याद

ती फिर्याद अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पूर्व दिल्लीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. दुपारी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आलं आणि मयूर विहारमधल्या एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर वीज पडली. गच्चीवरच्या खोलीत साताऱ्याकडची एक मुलगी भाड्याने राहत होती, स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. ती नळाखाली हात धूत असताना झटका बसून कोसळली. हात भाजला, डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. खोली त्यांच्याच मालकीची होती. फिर्याद होती तिसऱ्या मजल्यावरच्या मराठी बाईंविरुद्ध. या बाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना रेडिओचा छंद होता. रीतसर परवाना घेऊन त्यांनी गच्चीवर उंच अँटेना लावली होती.

"सर, बिजली उसी एंटेना पर गिरी," सेक्रेटरी म्हणाले. "मैडम ने अपने रेडियो सेट का तार पहले ही निकाल लिया था. उन्हें सब पता था. और पीछे की तरफ देखने की ज़रूरत नहीं, वहाँ कोई जाता ही नहीं."

मागच्या बाजूबद्दल मी काही विचारलंच नव्हतं. न विचारलेलं कुणी आपणहून सांगितलं की ते मी लक्षात ठेवत असे. पण सेटची तार काढल्याचा मुद्दा वजनदार होता, म्हणून आधी बाईंना बोलावलं.

"हो, ढग दिसताच अँटेनाची तार मी रेडिओतून काढली," त्या म्हणाल्या. "दर वेळी काढते. नाहीतर रेडिओ जळतो आणि घरात धोका होतो."

"म्हणजे धोका ठाऊक होता."

"अर्थातच. म्हणूनच अँटेनाच्या खांबापासून तांब्याची पट्टी मागच्या भिंतीवरून खाली नेलीय, जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत. वीज पडली तर तिनं त्या वाटेनं जावं. ती पट्टी बघितलीत का तुम्ही?"

"अँटेना तूर्त उतरवा, प्रकरण शांत होईल," मी सुचवलं.

"नाही उतरवणार. उतरवली तर मी गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. अटक करायची तर करा."

मला राग आला, हे खरं. पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पट्टी मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला इस्पितळात गेलो. मुलीच्या पलंगाशी सेक्रेटरींचा भाऊ बसला होता. त्याला बाहेर पाठवलं. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"सर, बाईंचं नाव घ्यायला सांगितलंय मला," ती म्हणाली. "नाही घेतलं तर खोली जाईल."

"मग?"

"जाऊ दे खोली. इमारतीच्या मागच्या बाजूला सेक्रेटरी अंकलचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. आवाजानं अभ्यास होईना म्हणून मी सांगायला खाली गेले. मिस्त्री ग्राइंडरनं भिंतीवरची लांब तांब्याची पट्टी कापत होता. अंकल तिथंच उभे होते."

मी थेट मागच्या बाजूला गेलो. सेक्रेटरींनी आपल्या तळमजल्याच्या घराला परवानगीशिवाय एक खोली जोडली होती. वरून येणारी पट्टी तिच्या छतापाशी संपत होती. कापलेल्या टोकावर रंग मारला होता. अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेला होता. पंचनामा केला, फोटो घेतले, तज्ज्ञाला बोलावलं. त्यानं सांगितलं, खाली जायला वाट उरली नाही म्हणून वीज खांबावरून पाण्याच्या लोखंडी पाइपवर गेली आणि पाइपातून नळापर्यंत पोहोचली.

मिस्त्री गाझियाबादला सापडला. आधी काही आठवत नाही म्हणाला. मी मुलीच्या भाजलेल्या हाताचा फोटो पुढे ठेवला. फोटो बघून तो बोलायला लागला.

"साहब, पट्टी दीवार में आ रही थी. मैंने पूछा था, ये किसलिए है. बोले, मैडम का शौक है, काट दो."

सेक्रेटरींना समोर बसवलं. मिस्त्रीचा जबाब ऐकून ते म्हणाले, "बिजली तो ऊपरवाले ने गिराई है."

"बिजली की फ़ाइल नहीं खोली मैंने," मी म्हणालो. "पट्टी काटने की खोली है."

मग फोन सुरू झाले. एका वरिष्ठांनी सुचवलं, नैसर्गिक आपत्ती म्हणून फाइल बंद करा. मी म्हणालो, तसा लेखी आदेश द्या. आदेश आला नाही. मी आरोपपत्र दाखल केलं. माझी बदली झाली. सामान बांधलं आणि गेलो. साक्षीला मात्र प्रत्येक तारखेला हजर राहिलो.

न्यायालयात बचाव पक्षाचे वकील मुलीच्या डाव्या बाजूला उभे राहून हळू आवाजात प्रश्न विचारत होते. ती पूर्ण वळून म्हणाली, "ज़ोर से पूछिए. जवाब पूरा दूँगी." आणि तिनं दिला. सेक्रेटरी दोषी ठरले. बाईंनी नवी पट्टी बसवून घेतली. अँटेना जागची हलली नव्हती.

अपघात झाला की 'नशीब' म्हणून हात झटकायला माणसं टपलेली असतात आणि पोलिसालाही ते सोयीचं असतं. कागद लवकर मिटतो. या प्रकरणानं मला शिकवलं की तो शब्द कानावर आला की तपास तिथूनच सुरू करायचा. त्यापायी झालेल्या बदलीचं मला दुःख नाही. पुन्हा तीच खुर्ची मिळाली, तर तेच आरोपपत्र पुन्हा लिहीन.