दुबई नंबरची गाडी

आमच्या गल्लीत दुबई नंबरची गाडी आली, तेव्हा ती बघायला मीही हातातलं काम टाकून गेले होते. पांढरी, उंच, नंबरप्लेटवर अरबी आकडे आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. गाडी शेजारच्या दादांच्या मेहुण्याची. तो तिकडे नोकरीला, लांब सुट्टीवर येताना जहाजातून गाडीच घेऊन आला. दादांनी नारळ फोडला, वहिनींनी चाकांखाली लिंबं ठेवली. मग दादांनी मला पुढे बसवून दापोड्यापर्यंत चक्कर मारून आणली.

"तुम्ही गाड्यांमधल्या जाणकार. सांगा, कशी हाय?"

"छान आहे," मी म्हटलं. खरंच छान होती.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. लग्नाआधी वडिलांच्या टेम्पोवर हात बसला होता. पुढे मिस्टरांच्या लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, काम कमी झालं, तेव्हा एक जुनी गाडी घेऊन तिला डबल ब्रेक, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक, बसवला आणि घराच्या दारावर बोर्ड लावला. 'महिलांसाठी महिला शिक्षिका' असं त्यावर मीच रंगवून घेतलं. सुरुवातीला लोक बोर्ड वाचून हसत पुढे जायचे. त्या दिवसांत माझ्या मदतीला आले ते हेच दादा. दापोड्यात त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत, त्यांच्यासमोर मोठं मोकळं पटांगण. रविवारी तिथे कंटेनर नसतात. दादांनी भर गावासमोर पटांगणाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शिकवा बिनधास्त. कोन काय बोलला तर माझं नाव सांगा."

त्या पटांगणावर कितीतरी बाया गाडी शिकल्या. लूमवाल्यांच्या सुना, गोदामात पॅकिंग करणाऱ्या मुली, एक नर्स, एक किराणा दुकानवाली. यातली एखादी रस्त्यात हात हलवून पुढे गेली की माझा दिवस चांगला जातो.

मेहुण्याची सुट्टी संपली. तो विमानाने परत गेला. गाडी इथेच राहिली.

अशी गाडी ठरावीक महिन्यांसाठीच आणता येते, आणि ज्याच्या नावावर आणली त्यानेच ती परत न्यायची असते, हे माझ्या धंद्यामुळे मला माहीत होतं. मुदत संपली की तिला इथे ना कागद, ना विमा. मी दादांना एकदोनदा सहज विचारलं. "बघतो, बघतो," असं ते म्हणाले. पण बघितलं काहीच नाही, आणि मुदत उलटून गेली. गाडी लग्नाला जायची, बाजाराला जायची, देवदर्शनाला जायची. शिकाऊ मुली मला विचारायला लागल्या. एक जण सरळ म्हणाली, "मॅडम, एल बोर्ड लावला नाही तर तुम्ही आम्हाला गल्लीच्या बाहेर सोडत नाही. त्या गाडीला तर इथला नंबरच नाय." मी तिला म्हटलं, तू समोर बघ. 

त्याच सुमारास वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, मला बाजूला घेतलं. "मला पन शिकव," त्या म्हणाल्या. "पन यांना आत्ता सांगू नको. लायसन हातात आलं का मीच सांगन."

वहिनी पन्नाशीच्या. घरात त्या मला नावाने हाक मारतात, गाडीत बसल्या की मॅडम म्हणायच्या. पहिले काही दिवस क्लच सोडताना डोळे मिटायच्या, पण हात शांत होता. पटांगण संपवून मी त्यांना रस्त्यावर आणलं.

एके दिवशी सकाळी आम्ही दापोड्याच्या रस्त्याने येत होतो. वहिनी चालवत होत्या, उन्हासाठी ओढणी तोंडावर बांधलेली. समोरून एक कंटेनर येत होता. त्याच्या मागून अचानक एक पांढरी गाडी बाहेर आली, अर्धी नाही, अख्खीच, सरळ आमच्या अंगावर. स्टिअरिंग डावीकडे असलं की पुढच्या गाडीच्या पलीकडचं दिसत नाही. दिसायला हवं असेल तर पूर्ण बाहेर यावं लागतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. मी ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली ब्रेक आधीच खाली गेलेला होता. वहिनींनी माझ्याआधी दाबला होता, आणि गाडी डावीकडच्या मातीत उतरवली होती. पांढरी गाडी आमच्या आरशाला वारा लावून गेली. दादांनी काचेतून हात वर केला, चुकलं अशा अर्थी, आणि निघून गेले.

वहिनींनी गाडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला, मगच ओढणी सोडली. शिकवल्याप्रमाणे, एकही पायरी न चुकवता.

"आपलीच गारी," त्या म्हणाल्या. मग इंडिकेटर देऊन त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आरटीओला कळवायलाच हवं. पण नाव कशाला देतेस? फोटो काढ, पाठवून दे. कोणाला कळणार नाही."

मी दोन दिवस त्यावरच विचार करत होते. फोटो काढायला गच्चीवर गेलेही. खाली दादा पाईप घेऊन गाडी धूत होते, आणि पाणी उडेल म्हणून माझ्या दारातली तुळस त्यांनी उचलून बाजूला ठेवली होती. मी फोन खिशात टाकून खाली आले. गाडी अशीच चालू ठेवणं मला मान्य नव्हतं. पण ज्या माणसाने भर गावासमोर माझी बाजू घेतली, त्याच्यावर गच्चीतून लपून वार करणंही मला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची किल्ली घेऊन मी त्यांच्या ओटीवर गेले. दादा पेपर वाचत होते.

"दादा, मेहुण्यांना बोलवा आणि गाडी परत पाठवा. सोमवारी मुलींना टेस्टला घेऊन मी आरटीओत जाणार आहे. तोवर काही झालं नसेल तर तिथे तक्रार देईन. माझ्या सहीने देईन. तुम्हाला आधी सांगायला आले."

त्यांनी पेपरची हळूहळू घडी केली. "जागा दिली, त्याचं हे फल?"

"म्हणूनच किल्ली आणली आहे. तुमच्या जागेत शिकवून तुमचीच तक्रार करणं मला बरं दिसत नाही." मी किल्ली ओटीवर ठेवली.

"शेजारी हाव आपन. उद्या अडलं-नडलं तर कोन येनार?"

"बोलवाल तर मीच येईन. पण त्या दिवशी कंटेनरमागून तुम्ही आलात, तेव्हा माझ्या गाडीत कोणी मेलं असतं तर कोण आलं असतं? विमासुद्धा नाही त्या गाडीला."

"शिकाऊ पोरगी व्हती, घाबरली आसंल. मी हात केला ना."

तेव्हा वहिनी आतून बाहेर आल्या. हात पदराला पुसत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"पोरगी नव्हती. मी व्हती. गारी मीच चालवत व्हती."

दादांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"तू?"

"मी. आनि आजपासून त्या गारीत मी बसनार न्हाय. लग्न असू दे का मयत."

दादांनी पेपर खाली ठेवला. मग उठून आत गेले. किल्ली तशीच ओटीवर राहिली आणि मी घरी आले. माझा ऊर भरून आला होता. माझ्यासाठी कमी आणि वहिनींसाठी जास्त.

सोमवार यायच्या आधीच मेहुणा आला. ते दोघे वकिलाला घेऊन कस्टममध्ये गेले, मुदत उलटल्याचा दंड भरला आणि गाडी परत पाठवायची व्यवस्था केली. एका सकाळी तिला ट्रेलरवर चढवून बंदराकडे नेलं. गल्लीतले सगळे बघायला बाहेर आले. मी गेले नाही. दादांचा पडलेला चेहरा बघण्यात मला काही गोडी नव्हती. मला तक्रार द्यावी लागली नाही, पण त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. समोर आले की चपलेकडे बघत निघून जायचे. गल्लीतल्या दोघी-तिघीही फटकून वागल्या. मी रविवारचा क्लास कामतघरच्या एका शांत रस्त्यावर, पहाटे रिक्षा सुरू व्हायच्या आत घ्यायला लागले. गैरसोय झाली, पण क्लास एकदाही बंद पडला नाही.

वहिनी मात्र येत राहिल्या, आता उघडपणे. टेस्टच्या दिवशी आठचा आकडा त्यांनी पहिल्याच फेरीत काढला. आरटीओच्या साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात? वहिनींनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रांगेत माझ्या बाकीच्या मुली होत्या. आता वहिनी घरच्या साध्या छोट्या गाडीतून अंबाडीला माहेरी जातात. शेजारी दादा बसलेले असतात.

दादांच्या नात्यातल्या एका हळदीला आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. पंगतीत कोणीतरी दादांना विचारलं, "ती दुबईची गारी दिसत न्हाय ती?"

दादांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे मान वळवली. "ही आमची शेजारीन. हिनं घालवली," ते म्हणाले. "दारात येऊन तोंडावर सांगून घालवली. मागनं न्हाय."

विचारणारा हसला. दादा हसले नाहीत. त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिकडं वाढ आधी."