धुरी दिलेलं दूध

डॉक्टरांनी काचेच्या नळीत माझी लघवी घेतली आणि ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तापली तशी ती वरून पांढरी होत गेली आणि बघता बघता तिच्यात कण कण धरले. "आल्ब्युमेन," डॉक्टर म्हणाले. अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसलं सत्त्व. जे अंगात राहायचं, ते माझ्या लघवीतून वाहून चाललं होतं. आजाराचं नाव नेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडांना आलेली सूज. मी परळच्या शाळेतला मास्तर. नवा शब्द कानावर आला की अर्थ विचारायची खोड. या शब्दाचा अर्थ कळला नसता तर बरं, असं वाटलं.

ही प्लेगच्या आधीची गोष्ट. महिनाभर सकाळी उठलो की डोळ्यांखाली फुगलेलं असायचं. झोप जास्त झाली, असं आई म्हणायची. मग वहाणा पायात शिरेनात. पोटरीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल, तर लेप लावत बसू नका. नळी तापवून बघणाऱ्याकडे जा.

इस्पितळात काही दिवस राहिलो आणि घरी आलो तो हुकूम घेऊन. मासे बंद, मटण बंद, मीठ बंद. दूध, दूध आणि दूध.

आता आम्ही मालवणकडची माणसं. आमच्याकडे दूध वासरांचं आणि तान्ह्या पोरांचं. मला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. यशोदा, माझी बायको, पेला पुढे करायची, मी नाक दाबून प्यायचो आणि थोड्या वेळाने सगळं मोरीत. त्यात लालबागची चाळ. संध्याकाळी गिरणीतून माणसं परतली की शेजारी निखाऱ्यावर सुके बांगडे पडायचे आणि तो धूर थेट माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. मला रडू यायचं. खोटं कशाला सांगू, एकदा रडलोही.

सूज पोटापर्यंत चढली तेव्हा ट्रामने पुन्हा इस्पितळ गाठलं. सोबत यशोदा होती. डॉक्टर पारशी होते, बोलायला रोखठोक. "मास्तर, याच्यावर माझ्याकडे फारसं औषध नाही. दूध हेच औषध. ते पोटात राहिलं नाही तर पाणी छातीत चढेल. मग मी काही करू शकणार नाही. प्या, नाहीतर चावून खा, पण पोटात ठेवा."

"दूध चावायचं कसं?" यशोदाने पदराआडून विचारलं. डॉक्टरांना हसू आलं. त्यांच्या घरी दूध नासवून पनीर करतात, ते त्यांनी तिला समजावून सांगितलं. मीठ मात्र कणभर नको, असं दोनदा बजावलं.

घरी येऊन तिने दूध चुलीवर ठेवलं, लिंबू चिरलं, आणि आई उठून उभी राहिली.

"आजारी माणसाच्या घरात दूद कोण नासयता? तुका खूळ लागला काय गो?"

आईचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. माझे वडील गेले त्या सकाळी चुलीवरचं दूध आपोआप नासलं होतं. ती ते विसरली नव्हती, मीही नाही. यशोदा घाबरट बाई नव्हे, पण सासूसमोर तिने नजर चुलीवरच ठेवली. "आई, जा काय तेंच्या पोटात ऱ्हवात, ताच शुभ," ती म्हणाली आणि लिंबू पिळलं. आई गॅलरीत जाऊन पाठ करून बसली.

फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबलेली ती वडी मी तोंडात घातली. ओला खडू. मी थुंकलो. दोन दिवस हेच चाललं, आणि मला दमही लागू लागला.

तिसऱ्या संध्याकाळी शेजारी बांगडा भाजू लागले. माझं तोंड तिकडे वळलेलं यशोदाने पाहिलं.  ती उठली, करवंटीत निखारा घेतला, त्यावर तुपाचा थेंब टाकला आणि वडी वर धरली. भपकन जाळ झाला, वडी काळी पडली. आईला ते बघवेना.

"असो नाय गो धूर देवचो! बाजूक हो." तिने नारळाच्या वरच्या सालीची ओली सोडणं निखाऱ्यावर घातली, वर बांबूच्या कामट्या मांडल्या, त्यावर वड्या ठेवून तांदूळ धुवायची रोवळी पालथी घातली. "दूद नासयलंस ता तू. धूर दितलंय मी."

वड्या तांबूस झाल्या. मी एक खाल्ली, मग दुसरी मागितली. दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. रात्र गेली, पण उलटी झाली नाही.

पुढे त्या दोघींनी जे जे केलं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा रोगी असेल. आधी डॉक्टरांना विचारा, मग करा. पातळ काप हळद-मिरी लावून तांदळाच्या पिठीत घोळवायचे आणि तव्यावर खरपूस करायचे. ओल्या खोबऱ्याच्या पातळ कालवणात कोकमाची सोलं आणि दोन तिरफळं ठेचून घातली, त्यात वड्या शेवटी सोडल्या, तर डोळे मिटून बांगड्याचं कालवण म्हणावं. आंबटपणा आणि धूर असला की मिठाची आठवण निम्मी होते. भूक नसेल त्या दिवशी वडी कुस्करून मऊ भातात घालावी. केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवली तर सगळ्यात छान. गरमच वाढा, गार झाली की चिवट होते. आणि खाऊन दाखवायला सांगू नका, आजारी माणसाला राग येतो. मला यायचा.

नळीतलं पांढरं हळूहळू कमी झालं. सगळं गेलं नाही, जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीठ मला जन्मभर बेतानेच. चालेल. वहाणा पायात शिरतात, शाळेचे जिने चढतो. दोन बायकांनी हट्टाने मला ओढून आणलं, आणि पुढचा प्रत्येक दिवस मी त्यांचा मानतो.

मी बरा होत होतो तेव्हा मध्येच यशोदा बहिणीच्या बाळंतपणासाठी शिवडीला गेली होती. मला अजून उठून काही करायची ताकद नव्हती. सकाळी आईने दूध तापत ठेवलं. मी म्हटलं, "आये, आज नको. एका दिवसाने काय होतंय?"

 दूध वर आलं. लिंबू दुधावर धरून तिने डोळे मिटले.

"नास बाये, नास. माझ्या झिलासाठी नास."

दूध फाटलं. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे हात केला.

"बघतंस काय? फडको दी."