प्याद्यांवरून डाव ओळखणारे काका

कॉम्प्युटरला बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या बारा चाली शिकवायच्या, हा माझा एम.टेक.चा प्रकल्प होता. खेळून झालेले हजारो डाव मी त्याला दिले होते. पटावर ओळखीची मांडणी दिसली की तो बरोबर चाल काढायचा.

सुट्टीत देवळाली प्रवऱ्याला आईकडे गेले, तेव्हा लॅपटॉप घेऊन शेजारच्या काकांकडे बसले. ते साखर कारखान्यात टर्नर होते. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं. आता मधुमेहानं त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून कॉम्प्युटरची चाल मी त्यांच्या लाकडी पटावर करत होते.

तिसऱ्याच चालीला काकांनी हत्तीपुढचं प्यादं दोन घरं सारलं. असं सहसा कुणी खेळत नाही. माझा प्रोग्राम गडबडला आणि अकराव्या चालीला वजीर घालवून बसला.

"पाठांतर केलंय त्यानं," काका म्हणाले. "डाव बघितलाच न्हाई."

वर्षभराचं काम होतं ते. मी जरा घुश्शातच विचारलं, "मग तुम्ही कसं बघता?"

त्यांनी नवा डाव थोडा पुढे नेला आणि प्यादी सोडून बाकी सगळ्या सोंगट्या उचलून घेतल्या.

"घोडा का उंट, ते मला आता वळखू येत न्हाई. प्यादी कशी हुबी हायत, तेवढं दिसतं. त्यावरनं बाकीच्यांच्या जागा कळत्यात. सांग, घोडा कुठं बसंल?"

मी एका घरावर बोट ठेवलं.

"व्हय. हेच शिकव त्याला."

नगरला कॉलेजात परतून मी प्रोग्राम बदलला. आधी प्याद्यांची रचना ओळखायची, मग तिच्यासारखे डाव शोधायचे. दोन महिने त्यात गेले. पुन्हा गेले तेव्हा काकांनी मुद्दाम तेच प्यादं सारलं. या वेळी कॉम्प्युटरनं मधली घरं धरून ठेवली. बारा चाली झाल्यावर काकांनी प्याद्यांवरून हात फिरवला. "आता मला जपून खेळावं लागंल," ते म्हणाले. तिथून पुढे तो डाव मी खेळले आणि हरले, पण माझं काम झालं होतं.

प्रकल्पाच्या अहवालात पहिले आभार मी काकांचे मानले. ते पान त्यांना वाचून दाखवलं.

"हे कशाला लिव्हलंस?" म्हणाले. मग जवळ सरकून, "पुन्यांदा वाच बरं."