लाईट गेल्यावरचं बोलणं

झोपेत चार्वीच्या उजव्या हाताची बोटं हलतात. आधी अंगठा आणि तर्जनी जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. मग सगळी बोटं तळव्यात मिटतात आणि मनगट किंचित वळतं. बोलती मुलं झोपेत पुटपुटतात, तसंच हे. पद्मजा शेजारी कुशीवर पडून बघते आहे. लेकीला काहीतरी अजून हवं आहे आणि कुणीतरी ते देत नाही, एवढं तिला हातावरून कळतं.

रविवारची दुपार आहे. पद्मजा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. चार्वी जन्मापासून बहिरी आहे, पद्मजाचे वडील भूपालअण्णा होते तशीच. मधली पिढी तेवढी सुटली. कॉक्लियर इम्प्लांटचं ऑपरेशन जितकं लवकर होईल तितकं बरं, आणि पोरगी आता तीनची होत आली. ऐकण्याची वाट वापरली नाही तर मेंदू ती दुसऱ्या कामाला देऊन टाकतो, हे पद्मजाला कुणी समजावून सांगायला नको. डॉक्टर तयार आहेत, नवरा भरतेश तयार आहे. घोडं अडलंय ते तिच्या 'हो'वर.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, "एकदा मशीन बसलं की खुणा बंद. नाहीतर मूल ऐकायचा आळस करतं." आणि अण्णांचा जुना मित्र कल्लाप्पा, तोही बहिराच, दारात उभा राहून हातांनी विचारून गेला, "भूपालच्या नातीत काय बिघडलंय, दुरुस्त करायला?" दोघांनाही ती एकच म्हणाली, बघू. पावसाळा गेला, थंडी गेली, तिचं 'बघू' काही संपलं नाही.

पंख्याची पाती एकमेकांत मिसळून त्यांची एकच करडी चकती होते. तिचा आवाज लांब लांब जातो आणि कुठेतरी राहून जातो.

ती कानतपासणीच्या बंद खोलीत उभी आहे. भिंतींना जाड फोम. चार्वीच्या बुटक्या खुर्चीवर अण्णा बसलेत, गुडघे छातीशी, कानांवर हेडफोन, हातात लाकडी ठोकळा. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. अण्णा काचेपलीकडच्या बाईंच्या डोळ्यांत बघतात आणि नेमक्या वेळी ठोकळा टाकतात. अण्णा गेले त्यानंतर वर्षाने चार्वी झाली. ते पद्मजाला ठाऊक आहे, आणि अण्णा इथे आहेत हेही.

"बघून टाकताय," ती हातांनी म्हणते. त्यांच्याशी ती कायम हातांनीच बोलत आली.

"परीक्षेत सगळेच बघतात," अण्णांचे हात म्हणतात.

"मी नाही कधी बघितलं."

"मग मार्क कमी का पडायचे, ते आज कळलं."

अण्णा हसतात. त्यांचं हसणं मोठं आणि फाटकं, रस्त्यावर लोक वळून बघायचे असं. ठोकळा बादलीत पडतो आणि जमीन थरथरू लागते. फोमच्या जागी सुताची बाचकी रचलेली आहेत. अण्णा यंत्रमागासमोर उभे आहेत, पापण्यांवर कापसाची लव. हा ते कामाला होते तो कारखाना. लहानपणी ती इथे डबा घेऊन यायची. सगळे यंत्रमाग एकदम चालू, सूत वाहणारे धोटे इकडून तिकडे आपटतायत. या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळेच हातांनी बोलतात. माग दुरुस्त करणारा तुकाराम जॉबर लांबून पोटाचा घेर दाखवतो: शेठ आले. चार माग पलीकडून कुणीतरी स्वतःच्या सासूची गोष्ट रंगवतो. अण्णा त्याला असं काही उत्तर देतात की दोघं तिघं काम सोडून हसतात. अख्ख्या शेडमध्ये अण्णांइतकं बोलणारं कुणी नाही.

मग लाईट जाते.

माग एकेक करून थांबतात. माणसांचे हात खाली येतात आणि तोंडं सुरू होतात. बोलता बोलता माणसं अण्णांकडे पाठ करून उभी राहतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. अण्णा एका चेहऱ्याकडून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघतात. मग तेलाने माखलेला हात पद्मजाच्या खांद्यावर दोनदा थापटतात.

"काय म्हणतायत?"

"चहाचं बोलतायत."

"चहाला एवढं हसतात?"

"ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

"मग तेच सांग."

ती सांगत नाही. तिला दुसरंच विचारायचं आहे. "अण्णा, चार्वीचं ऑपरेशन करू?"

"मला काय विचारतेस? मी मेलोय."

"कल्लाप्पाकाका नको म्हणतात."

"कल्लाप्पा जिवंत आहे आणि रिकामा आहे."

"तुमच्यात काही कमी होतं, असं म्हटल्यासारखं होईल."

अण्णा हात पुसतात. त्यांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी हात पुसत. "कमी होतं की. तुझी आई गेली तेव्हा तू तान्ही. रात्री रडायचीस, मला कुठलं कळतंय. मग तुझ्या पायाला दोरी बांधायचो, दुसरं टोक माझ्या मनगटाला. तू पाय झाडलास की मी जागा. तेवढं रडणं ऐकायला आवडलं असतं मला. बाकीचे आवाज लोकांनाच राहू देत. मशीन दाखव."

तिच्या मुठीत ते आहेच, कानामागे अडकवायचं, एवढंसं. अण्णा ते धोट्यासारखं उलटसुलट करून बघतात, वजन घेतात.

"हे बंद कधी असतं?"

"झोपताना काढायचं. अंघोळीला काढायचं. सेल संपला की बंद."

सांगता सांगता तिच्या घोट्यांना पाणी लागतं. माग पाण्यात उभे आहेत, त्यांच्यामागे घाटाच्या पायऱ्या, पलीकडे पंचगंगा. अण्णा गुडघाभर पाण्यात आणि त्यांच्यासमोर चार्वी, उघडी, ओली, कानांवर काही नाही. अण्णा हाताचा मासा करून तिच्या पोटाकडे सोडतात. चार्वी खिदळते आणि बोटं जुळवते: अजून. अण्णा पुन्हा मासा सोडतात. आजोबांनी आपल्याला कधी पाहिलेलं नाही, याचं तिच्या गावीही नाही.

अण्णा पद्मजाकडे वळतात.

"मशीन काढलं की ही माझ्यासारखी. तेव्हा हिच्याशी कोण बोलणार?"

 अण्णा जवळ येतात, तिच्या खांद्यावर थापटतात, एकदा, दोनदा.

ती डोळे उघडते. पंखा चालू आहे. दारात भरतेश दोन हातांत दोन कप घेऊन उभा आहे.

"तू उठवलंस मला?"

"मी आत्ता आलोय. खांद्याला काय लागलंय तुझ्या? ग्रीस?"

ती मान वळवते. पिवळ्या कुडत्यावर चार बोटांचे काळपट ठसे आहेत, कडेला पुसट, मध्ये गडद. ती वास घेते. यंत्राचं तेल. या घरात शिलाई मशीनसुद्धा नाही. एरवी तिने कारण शोधलं असतं. आज ती डागावर नुसता हात ठेवते.

"भरतेश, ऑपरेशन करायचं."

तो कप जपून खाली ठेवतो. "नक्की?"

"नक्की. उद्या फोन कर. पण खुणा बंद करायच्या नाहीत."

"अगं, त्या बाई म्हणाल्या होत्या..."

"त्यांना मी सांगेन. मशीन रात्री निघणार, अंघोळीला निघणार, नदीवर गेलो तर निघणार. दरवेळी आपण तोंडं हलवत बसायचं आणि तिने बघत बसायचं?"

भरतेश स्वतःच्या हातांकडे बघतो. मशीन बसल्यावर बोलेनच की, असं म्हणत त्याने आजवर चारपाच खुणांवर भागवलं आहे.

बोलताना आपले हातही बोलतायत, हे पद्मजाच्या अर्ध्यात लक्षात येतं. ती ते थांबवत नाही.

"ऐकू दे तिला. आणि या घरात सगळ्यांनी हातांनीही बोलायचं, कायम. तूसुद्धा. ती उठली की लगेच सुरुवात करायची."