अख्खा जिताडा

मासे घ्यायला वाकलं की मावशी पाटीवर हात आडवा धरायच्या. "आदी सांगा, खानार कोन?"

पहिल्यांदा मला रागच आला. बदली होऊन पेणला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिवसभर पोस्टात डोकेफोड करून बाजारात यावं, तर ही बाई माझीच उलटतपासणी घेणार!

"मी खाणार. का, परवाना लागतो?"

"एकटंच? मग काय पन न्या," म्हणत त्यांनी हात काढला. त्या 'काय पन'चा अपमान मला बरेच दिवस पुरला.

पेणच्या बाजारात तुम्ही त्या काळी मासे घेतले असतील, तर तुम्हालाही त्यांनी कधी ना कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं असेल, नाहीतर भलताच मासा दिला असेल. एका गृहस्थांना खाडीचे मोठे खेकडे हवे होते. घरात सून गरोदर आहे हे कळताच मावशींनी त्यांच्या पिशवीत समुद्राची मांदेली टाकली आणि वर दम भरला, "खेकडं हवं तर एकट्यानं हाटेलात जाऊन खावा." गृहस्थ मांदेली घेऊन गेले. मी मागे उभा राहून हसलो.

त्यांचं माहेर रोह्याच्या खाली, नदीकाठी. कंपन्यांचं पाणी नदीत उतरायला लागलं तेव्हापासून तिथल्या माशाला अधूनमधून रॉकेलसारखा वास येतो, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. म्हणून रोज सकाळी प्रत्येक पाटीतला एक मासा त्या घरी नुसत्या पाण्यात उकळायच्या. मीठ नाही, हळद नाही. झाकण काढून वाफ हुंगायची. वास आला तर ती पाटी बाजारात यायचीच नाही.

"पन वास नाय म्हंजे मासा बरा, असं नाय," त्या सांगायच्या. "काय काय इख मुकं असतं. म्हनून कुठल्या पान्यातला ते इचारायचं. आनि मोटा मासा लय वर्सं ते पानी पितो, तो बारक्या पोरांना नि पोटुशीला नाय द्यायचा."

माझी बायको रामवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि वर्षभरात तिला दिवस गेले. याआधी दोनदा आमची निराशा झाली होती. मावशींना हे सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कोणता मासा शिजायचा, हे त्या ठरवू लागल्या.

सातव्या महिन्यात बायकोला जिताड्याचे डोहाळे लागले. मावशी म्हणाल्या, "नदीचा नाय. तल्यातला आनते, शेतातल्या." डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळीच त्यांनी तो आणून दिला. हातभर लांब, चकचकीत, अख्खा. अशा वेळी द्यायचा जिताडा पेणकडे कुणी कापून देत नाही. त्यामुळे त्यातला तुकडा उकळून बघायचा राहिला. शिवाय तो त्यांच्या सख्ख्या भावाने आणला होता आणि माहेरच्या माणसाला कुठलं पाणी म्हणून कोण विचारतं?

दुपारी पानं वाढली होती. बायकोने पहिला घास कालवला आणि दारात मावशी. धापा टाकत, पायात चप्पल नाही. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बायकोच्या पुढचं ताट उचललं.

"खाऊ नको गो पोरी! कुनी पन खाऊ नका!"

भाऊ चहा पिताना सहज बोलून गेला होता. मासा तळ्यातला नव्हताच. आदल्या दिवशी रोह्याकडे नदीचं पाणी बिघडलं, मासे अर्धमेले होऊन वर आले आणि त्याने हा चक्क हाताने उचलला.

माझी सासू भडकली. डोहाळजेवणाचं ताट ओढून नेतात का कुणी! मावशींनी वाद घातला नाही. "चूक माजी हाय," एवढंच म्हणाल्या. मांजरांनी उकरू नये म्हणून त्यांनी ते कालवण मागच्या अंगणात खोल पुरलं. मग हात धुऊन आल्या, अंड्यांचं कालवण केलं आणि रडणाऱ्या बायकोला समोर बसून जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. शेजारची मासेवाली म्हणाली, "गप बसली असतीस तर कुनाला कललं असतं?"

"ह्यांच्या घरी येलेवर पोचले," माझ्याकडे बोट दाखवत मावशी म्हणाल्या. "दर टायमाला पोचेन काय?"

मला त्या बाईचा फार अभिमान वाटला आणि मी तो बोलून दाखवला नाही, याची अजून लाज वाटते. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. आता मासेवाल्यांच्या त्या रांगेत समुद्राची, खाडीची आणि तळ्याची पाटी वेगळी असते. विचारलं तर शेजारचीही खरं सांगते.

मावशी मात्र तिथे बसत नाहीत. गुडघे गेले. गावी शेतातल्या तळ्यात त्या जिताडे वाढवतात. आमची मुलगी आता बालवाडीत जाते. गेल्या थंडीत तिला घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. बायकोने त्या दिवसापासून जिताड्याला हात लावला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तिच्यासाठी त्यांनी वेगळं अंड्याचं कालवण करून ठेवलं होतं.

"ह्यो बोटाएवडा सोडला व्हता मी," जिताड्याच्या पातेल्याकडे बघत त्या म्हणाल्या. "काय खाल्लं, काय प्यालं, समदं माज्या डोल्यांदेखत. पन तुला जबरदस्ती नाय गो."

बायकोने अंड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मुलीला मांडीवर घेतलं आणि ताट पुढे केलं.

"आधी हिला वाढा, मावशी. काटे तुम्हीच काढा."